गोठ्यातली कंपनी

शाळा सुरू झाली तेव्हा गोठ्यातून म्हशी जाऊन फार काळ लोटला नव्हता. आमच्या घरमालकीण आक्कांनी जमीन सारवून घेतली होती, भिंतींना चुना दिला होता, पण हवा जरा दमट झाली की चुन्याखालून म्हशींचा वास पुन्हा वर यायचा. मग आक्कांचा नातू ओम्या नाक वर करून म्हणायचा, "बाई, चंद्री आली." चंद्री म्हणजे विकून टाकलेली म्हैस. ती आली म्हटल्यावर सगळी मुलं अंग चोरून तिला वाट करून देत. त्या मोकळ्या जागेत उभी राहायला मीही धजत नसे. मी एकोणीस-वीस वर्षांची, बारावी झालेली मुलगी. नसलेल्या म्हशीला वाट का देत होते, कोण जाणे.

मी मूळची आर्वीकडची. दादाला हिंजवडीत कंपन्यांच्या इमारतींमध्ये वायरिंगचं काम मिळालं होतं. त्याच्या जेवणाचे हाल होतात म्हणून आईनं मला त्याच्या पाठोपाठ पुण्याला धाडलं. पुणं म्हणजे शनिवारवाडा, पेठा, असं काहीतरी डोक्यात घेऊन मी आले आणि उतरले ती चिखलात. एकीकडे भाताची खाचरं, दुसरीकडे काचेची इमारत, आणि दोन्हींच्या मधून जाणाऱ्या रस्त्यावर डंपर. आक्कांच्या घराच्या मागच्या बाजूची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. घर नवं होतं, जमिनीच्या पैशातून बांधलेलं. आतली फरशी इतकी गुळगुळीत की आक्का तिच्यावरून भिंतीला धरून चालायच्या. स्वयंपाकघरात गॅस होता, पण भाकरी त्या मागच्या अंगणात चुलीवरच थापायच्या. सकाळी मला जाग यायची ती त्या थापेच्या आवाजानं. तो आवाज बुडवत कंपनीच्या बसचा हॉर्न यायचा, त्यालाही बुडवत कुठेतरी जमिनीत खांब ठोकायचं यंत्र सुरू व्हायचं, आणि मग दिवसभर पायाखालची जमीन धडधडत राहायची.

शाळा काढायची कल्पना माझी नव्हती. एकदा मी खोलीच्या उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते तेव्हा आक्का समोर येऊन उभ्या राहिल्या. "आगं, तू बारावी झालीस न्हवं? मंग दिसभर हितं बसून काय करतीस? ही बारकी पोरं घिऊन बस की. रस्त्याला डंपर धावत्यात, आन् ही पोरं काय हातात घावत न्हाईत."

"पण मले शिकवता येत नाही, आक्का."

"शिकवायचं कुटं हाय? सांबाळायचं हाय."

यातलं नेमकं काय करायचं होतं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या आठवड्यात मी भिंतीवर कोळशानं अ, आ काढले आणि मुलांना माझ्यामागून म्हणायला लावलं. मी स्वतः तशीच शिकले होते, पट्टी खात. मुलं म्हणायची, पण डोळे भलतीकडेच. जमिनीत म्हशीचा खुंटा उपटल्यावर राहिलेलं एक भोक होतं. त्यात ती खडे टाकायची, पाणी ओतायची, कान लावून ऐकायची. "पाणी कुठं जातं?" असं एकीनं विचारलं. मी म्हटलं, "खाली." "खाली कुठं?" त्या दिवशी अ-आ राहूनच गेलं. आम्ही सगळे त्या भोकात पाणी ओतत बसलो, आणि घरी जाताना मुलं मला इतकी खूश दिसली की आज आपण कामचुकारपणा केला असं मला वाटलं.

हळूहळू मी शिकवायचं सोडून दिलं. ठरवून नव्हे, जमेना म्हणून. गव्हाणीत मुलं बसली की ती बस व्हायची, कधी होडी, कधी दवाखान्यातली खाट. दादा साइटवरून मोठमोठी खोकी आणायचा, कॉम्प्युटर ज्यांत यायचे ती, आणि थर्माकोलचे कोरलेले तुकडे. माझ्या तोंडात आमच्याकडचं "काऊन" बसलेलं. काऊन रडतेस, काऊन मारलं, काऊन नाही खात. मुलांनी तो शब्द असा उचलला की गावभर आया वैतागल्या. ओम्याची आई मला म्हणाली, "संध्याताई, ह्यो जेवताना बी काऊन, झोपताना बी काऊन. भात पांढरा काऊन? मी काय सांगू?" मी तरी काय सांगणार होते?

पुढे मी बालशिक्षणाचा रीतसर कोर्स केला. तिथं मला सांगितलं गेलं की मुलं खेळातून शिकतात, आणि मी ते वहीत उतरवून घेतलं. खरं सांगायचं तर आज इतकी वर्षं मुलांमध्ये काढूनही, चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवता येईनासा झाला तरी, खेळणारं मूल काय शिकतंय हे मला समोर बसून ओळखता येत नाही. कोर्समध्ये ते फार सोपं वाटायचं.

मृणालताई शाळेत आल्या त्या एका सकाळी, लेकीचा, इराचा हात धरून. त्या काचेच्या इमारतींपैकी एकीत इंजिनियर होत्या. नवरा कंपनीच्या कामासाठी परदेशी गेलेला. माहेर सदाशिव पेठेतलं, आणि ते त्यांनी तोंड उघडल्याबरोबर कळलं. गोठ्याच्या दारात उभं राहून त्यांनी आत पाहिलं. एक मुलगी खोक्यात झोपली होती, दोघं भोकात पाणी ओतत होते, ओम्या गव्हाणीत उभा राहून हॉर्न वाजवत होता.

"अहो, हीच ना शाळा?"

"हो."

"नाही, विचारलेलं बरं. आणि पुस्तकं वगैरे आपण दुसरीकडे ठेवता का?"

मी ओशाळले. पण त्या भागात दुसरी सोयच नव्हती, आणि त्यांची बस बाहेर उभी होती. इरा आईचा हात सोडून केव्हाच भोकापाशी जाऊन बसली होती. मृणालताईंनी तिच्या पांढऱ्या मोज्यांकडे एकदा पाहिलं. "चालू द्या," असं म्हणून त्या गेल्या.

त्यानंतरच मुलांचा कंपनीचा खेळ सुरू झाला. सुरू कोणी केला हे सांगता येणार नाही. खोकी एकावर एक रचून मुलांनी मोठी भिंत केली, मध्ये फट ठेवली, ते गेट. लग्नपत्रिकांचे तुकडे सुतळीत ओवून गळ्यात घातले, ती कार्डं. ओम्या काठी घेऊन गेटवर. बाकीची मुलं ओळीनं यायची, कार्ड दाखवायची, ओम्या ते उलटंसुलटं करून बघायचा आणि आत सोडायचा. एवढं झालं की खेळ अडायचा. मुलं खोक्यांच्या पलीकडे जाऊन नुसती उभी राहायची. मग मागच्या बाजूनं बाहेर येऊन पुन्हा ओळीत लागायची.

"बाई, आत काय करत्यात?" ओम्यानं विचारलं.

मला माहीत नव्हतं. मी दादाला विचारलं. रात्रीच्या जेवणाला मी आमच्याकडचा गोळाभात, डाळीच्या पिठाचे गोळे घालून शिजवलेला, केला होता. आक्कांना तो फार आवडायचा, म्हणून वाटीभर त्यांच्याकडे देऊन आले होते. दादा घास हातात धरून विचार करत राहिला. "मले काय मालूम? मी वायर टाकतो. तिच्यातून काय जाते ते थोडीच दिसते." आक्कांचे यजमान अण्णा म्हणाले, "एसीत बसत्यात." आक्कांचा मुलगा, ओम्याचा बाप दत्तूदादा कंपनीच्या लोकांना आणायला-सोडायला स्वतःची जीप चालवायचा. तो म्हणाला, "मी गेटापत्तूर सोडतो. फुडचं त्यांचं त्यांना ठाऊक." सगळं गाव त्या इमारतींभोवती राबत होतं, आणि आत काय चालतं हे त्यातल्या कोणालाच सांगता येत नव्हतं.

शेवटी मी मृणालताईंना विचारलं. त्या जरा हसल्या, मग थांबल्या, आणि मुलांसमोर जमिनीवर चक्क मांडी घालून बसल्या. "अमेरिकेत एक मोठा दवाखाना आहे. तिथं कुठल्या खाटेवर कोण झोपलंय, त्याला कुठलं औषध द्यायचं, हे तिथल्या कॉम्प्युटरला कळायला हवं ना? ते त्याला कळेल असं आम्ही इथं बसून लिहितो."

"हितं बसून?" ओम्यानं विचारलं.

"हो."

"तुमाला ती माणसं दिसत्यात?"

"नाही रे."

"मग ती हायेत हे कसं ठाऊक?"

मृणालताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुलांनी गव्हाण ओढल्यासारखं करून, म्हणजे ती मुळीच न हलवता खोकीच तिच्याभोवती रचून, आत घेतली आणि तिच्यात अमेरिकेची आजारी माणसं झोपवली. गेटच्या आत अमेरिका, बाहेर हिंजवडी. तिकडं रात्र असते हे इरानं सांगितल्यामुळे आत गेल्यावर सगळ्यांनी डोळे मिटायचे. खेळ रंगला. मला वाटलं, चला, ही गाठ एकदाची सुटली.

आक्का अधूनमधून मुलांना खाऊ घेऊन यायच्या. त्या दिवशी उकडलेल्या शेंगांची पाटी घेऊन आल्या. ओम्या गेटवर होता. त्यानं काठी आडवी धरली.

"कार्ड?"

आक्का हसल्या. "आरं, मी हाय, तुजी आज्जी. शेंगा आणल्यात बग."

"कार्ड न्हाय?"

"माज्याच गोठ्यात मला कार्ड मागतुस व्हय रं?"

आणि मग ओम्याचा आवाज बदलला. जाड केला त्यानं, छाती पुढे काढली, आणि कधी न ऐकलेल्या हिंदीत म्हणाला, "माताजी, पीछे हटो. बिना कार्ड अंदर नहीं जाने का. ये थाली उठाओ इधर से."

मुलं खिदळली. मीही हसले असते, पण माझं लक्ष आक्कांकडे गेलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं सगळं खाली ओघळल्यासारखं झालं होतं. पाटी त्यांनी हळूच जमिनीवर ठेवली, पदर खांद्यावर घेतला आणि निघून गेल्या. शेंगांची पाटी तिथंच राहिली. मुलांनी अमेरिकेतल्या रोग्यांना शेंगा वाटल्या.

संध्याकाळी आक्का आमच्या खोलीच्या दाराशी आल्या, आत न येता. "उद्यापास्नं गोठा बंद."

"काय झालं, आक्का?"

"बंद म्हंजी बंद."

दादा कामावरून आला तर मी रडत बसलेली. "काय केलं तू?" तो विचारत राहिला आणि मी म्हणत राहिले, "मले नाही मालूम." ते खरंच होतं. घरमालकीण रागावली तर उद्या खोली सोडावी लागेल, या धास्तीनं त्याला जेवण गेलं नाही. नातवानं आजीला अडवलं, एवढ्याशा गमतीचा कोणाला इतका राग येतो? की मी मुलांना वळण लावलं नाही म्हणून? पण आक्का तशा नव्हत्या. चुलीपाशी बसून मला पाण्यानं भाकरी थापायला शिकवणाऱ्या आक्का, माझी जाड वेडीवाकडी भाकरी मुद्दाम स्वतःच्या ताटात घेणाऱ्या आक्का. मला त्यांचा राग कळत नव्हता आणि राग असेल तर तो माझ्यावर आहे की ओम्यावर, हेही कळत नव्हतं.

सकाळी गोठ्याला कडी लागलेली. मुलं सवयीनं आली आणि बाहेरच्या कट्ट्यावर बसली. ओम्या एका बाजूला मातीत रेघा ओढत होता. मी त्याच्याजवळ जाऊन बसले.

"ओम्या, काल आजीला जे म्हटलंस, ते तुले कोणी शिकवलं?"

"कुणी न्हाय."

"मग?"

"त्यो म्हणला की आज्जीला. गेटावरचा."

आणि मग त्यानं रेघा ओढता ओढता सांगितलं. तुकड्यातुकड्यांत, मध्येच मुंगी दिसली की थांबत. आक्कांची जमीन कंपनीत गेली तेव्हा बांधावरचा म्हसोबाही आत गेला होता. झाडाखालचा शेंदूर लावलेला एक दगड. आखाडात त्याला दहीभाताचा नैवेद्य दाखवायची आक्कांची सासूपासूनची रीत. नुकत्याच सरलेल्या आखाडात आक्का कोणालाच न सांगता ताट झाकून घेऊन निघाल्या, बरोबर ओम्या. गेटवरच्या माणसानं अडवलं. त्या काय म्हणताहेत ते त्याला कळेना, आणि तो काय म्हणतोय ते यांना. आक्कांनी ताट जरा टेकवलं, तर तेही उचलायला लावलं. परत येताना दहीभात त्यांनी ओढ्याकाठी ठेवला.

"मग घरी काऊन नाही सांगितलं?"

"आज्जी म्हणली, सांगायचं न्हाय."

"पण तू तर सगळ्यांसमोर..."

त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाईंना काहीच कळत नाही, असं त्याच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. "म्या कुटं सांगितलं, बाई? म्या तर खेळलो."

हे वाक्य मी किती वर्षं मनात घोळवते आहे. सांगणं आणि खेळणं यांत काय फरक आहे हे त्या चार-साडेचार वर्षांच्या मुलाला पक्कं ठाऊक होतं, आणि मला तो फरक आजही नीट मांडता येत नाही. आजीला दिलेला शब्द त्यानं पाळला होता. पण त्या गेटवर जे झालं ते त्याच्या आत कुठंतरी फिरत राहिलं असणार, आणि ते त्यानं बाहेर ठेवून बघितलं, आजीसमोरच. स्वतः गेटवरचा माणूस होऊन. तोच का झाला, आजी का नाही झाला? मला माहीत नाही.

मी आक्कांकडे गेले. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

"सांगितलं व्हय त्यानं?"

"नाही. म्हणजे, हो."

लाकूड आत सारत त्या म्हणाल्या, "दत्तूला कळलं तर त्यो गाडी आडवी लावंल गेटापुढं. आन् त्याची गाडी कंपनीतच हाय. मंग आमी खायाचं काय? म्हून गप ऱ्हायले. आता ही पोरं घरोघरी जाऊन तेच म्हणायला लागली, तर मी कुणाकुणाचं त्वांड धरू?" मग थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, "त्या मानसाचं मला काय न्हाय वाटलं. त्यो परका. ह्या पोरानं तसंच्या तसं म्हणलं, तवा मला वाटलं, ह्यो बी तिकडचाच झाला."

मी म्हटलं, "नाही आक्का, तसं नाही." पण कसं होतं, ते मला सांगता येईना.

दत्तूदादाला ते कळायचं राहिलं नाही. शेजारच्या मुलीनं त्याच्या जीपसमोर दोन्ही हात पसरून "पीछे हटो माताजी" म्हटलं आणि त्यानं हसत तिला विचारलं हे कुठून शिकलीस. ती ओम्याचं नाव सांगून मोकळी झाली, आणि ओम्याकडून त्यानं बाकीचं काढून घेतलं. संध्याकाळी तो पायरीवर बसून राहिला, किल्ली बोटात फिरवत. आक्का दारातून म्हणाल्या, "दत्तू, जेवाया चल." तो म्हणाला, "आई, तू मला सांगायचं न्हाईस?" आक्का म्हणाल्या, "सांगून तू काय केलं आसतंस?" दुसऱ्या दिवशी सकाळी जीप नेहमीच्या वेळी निघाली नाही. आक्का मागच्या अंगणात भाकरी थापता थापता थांबून ऐकत होत्या. बऱ्याच उशिरा इंजिन सुरू झालं आणि गाडी गेली. आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली. तो गेला म्हणून त्यांना बरं वाटलं की वाईट, हे मला त्यांच्या पाठीवरून ओळखता आलं नाही.

त्याच दिवशी मृणालताई आल्या. "संध्या, गोठा बंद का? आणि दुसरं, आमच्याकडे इरा दोन दिवस मला माताजी म्हणते आणि स्वयंपाकघरातून मागे हटवते. हे आपल्याकडचं कितवं प्रकरण?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सांगू नये असं वाटत होतं, पण सांगितलं. त्यांच्या ओठावरचं ते पुणेरी काहीतरी हळूहळू नाहीसं झालं.

"कुठलं गेट?"

मी सांगितलं.

"तिथूनच जाते मी रोज," त्या म्हणाल्या. बराच वेळ गळ्यातल्या कार्डाची दोरी बोटाला गुंडाळत राहिल्या. "रविवारी पाहुण्यांना आत नेता येतं. मी पास काढते. आक्का येतील?"

आक्का आधी नाही म्हणाल्या. मग रविवारी पहाटेच न्हाऊन हिरवं नऊवारी लुगडं नेसून तयार बसल्या. आंबेमोहोराचा भात शिजल्याचा वास माझ्या खोलीपर्यंत आला. तो तांदूळ त्याच रानातला शेवटचा, कणगीच्या तळाशी राहिलेला. आम्ही चौघं निघालो, आक्का, ओम्या, मृणालताई आणि मी. गेटवर मृणालताईंनी कागद दाखवला. तिथला माणूस वेगळाच होता की तोच, हे मी ओम्याला विचारलं नाही. त्यानं आमच्या गळ्यांत पास अडकवले. आक्कांनी मान वाकवली, तेव्हा पदर पुढे सरकला, आणि त्या तशाच आत गेल्या.

आत गेल्यावर मात्र सगळंच बिनसलं. मला वाटलं होतं, आक्का सरळ चालत जातील. चाळीस वर्षं त्या रानात भातलावणी केलेली बाई. पण आत बांध नव्हता, झाड नव्हतं, उतारही नव्हता. जमीन सपाट करून तिच्यावर हिरवळ अंथरली होती, वळणावळणाचे रस्ते, पाण्याची कारंजी. आक्का दहा पावलं गेल्या आणि थांबल्या. डोंगर कुठं दिसतो ते बघायला वळल्या, तर डोंगर इमारतींच्या मागे. विहीर डाव्या अंगाला हवी होती. डावं कुठलं? त्या पुन्हा थोडं चालल्या, परत फिरल्या. ताटावरचं फडकं वाऱ्यानं उडत होतं, ते एका हातानं धरून त्या स्वतःभोवती वळल्या. "हितं... न्हाय. वड्याचा आवाज यायचा म्हसोबापाशी." आम्ही कान दिले. कुठल्याशा यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मृणालताई म्हणाल्या, "आक्का, जुना नकाशा कोणाकडे तरी असेल, मी विचारते."

आक्कांना ते ऐकू गेलं नाही. "कुटं हाय काय कळंना गं," त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच भीती पाहिली. घर हरवलेल्या लहान मुलीसारख्या त्या दिसत होत्या, आणि त्यांना कुठं न्यायचं हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात ओम्या पळत सुटला. हिरवळीच्या एका कोपऱ्यात, दिव्याच्या बुटक्या खांबापाशी जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "आज्जे, हितं हाय!"

आक्का हळूहळू गेल्या. आम्ही मागून. तिथं गवताखेरीज काही नव्हतं.

"कशावरनं रं?"

"हितंच हाय. बसलाय बग त्यो."

जमीन गेली तेव्हा ओम्या अंगावर पिणारा होता. आक्कांना हे माझ्याहून जास्त ठाऊक. त्यांनी त्या गवताकडे पाहिलं, ओम्याकडे पाहिलं, पुन्हा गवताकडे. मग गुडघे टेकून बसल्या आणि फडकं काढलं. ओम्यानं गव्हाणीत अमेरिकेची माणसं झोपवावी तितक्या सहजपणे दोन्ही हातांनी हवेत काहीतरी गोल दाखवलं, एवढा, असा. आक्कांनी त्या गोलाच्या बरोबर पुढं भात ठेवला, हळदकुंकू सोडलं, आणि कपाळ टेकलं ते बराच वेळ उचललंच नाही. मृणालताई चपला काढून उभ्या होत्या. मीही काढल्या.

परत येताना मी ओम्याचा हात धरून मागे राहिले. "तुले खरंच दिसला?"

"आज्जी दमली व्हती ना," तो म्हणाला. आणि चार पावलं गेल्यावर, माझा हात झटकून, "पर हाय तितंच!"

सोमवारी गोठ्याची कडी निघालेली होती. मुलांनी खोकी पाडून त्यांचा समुद्र केला, आणि कंपनीचा खेळ मी पुन्हा पाहिला नाही. आज गोठ्याच्या जागेवर मुलींचं वसतिगृह आहे, किती मजल्यांचं ते मान वर करून मोजायला नको वाटतं.

पुढच्या आखाडात मृणालताईंनी पुन्हा पास काढले. आम्ही पुन्हा चौघं. या वेळी आक्का आत शिरल्या त्या थेट ओम्याच्या मागून, कुठंही न थांबता. ओम्या एव्हाना उंच झाला होता, पायांत शाळेचे बूट. तो चालत चालत दिव्याच्या खांबावरून पुढे गेला, कारंजं ओलांडून पार पलीकडच्या बाजूला थांबला आणि म्हणाला, "हितं."

मी चमकले. मागच्या वर्षीची जागा मला चांगली आठवत होती. मी आक्कांच्या जवळ जाऊन हळूच म्हटलं, "आक्का, मागच्या खेपेला तर तिकडं..."

"गप गं," आक्का पुटपुटल्या. "समदं गाव हाललं. त्यो एकटाच कशाला बसंल एका जागी?"

असं म्हणून त्या खाली बसल्या आणि ताटावरचं फडकं काढलं. त्या हसत होत्या की काय, हे मला मागून दिसलं नाही.